मीठ आणि पलटणी

गव्हर्नर जनरलच्या कायदेकौन्सिलच्या कामकाजाचे जुने खंड वाचायला घेतले की आधी कंटाळा येतो. पानेच्या पाने कायद्यांच्या कलमांची, त्या कलमांतल्या शब्दांच्या दुरुस्त्यांची. सुरुवातीच्या काळातला वृत्तान्त तर पुष्कळदा तृतीयपुरुषी असतो. सन्माननीय अमुक म्हणाले की त्यांच्या मते असे आहे, अशा चालीचा. त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज कारकुनाच्या शाईत बुडून जातो. पण शतक उलटण्याच्या सुमाराच्या खंडांत मार्च महिन्याची अखेरची पाने आली की थबकायला होते. वर्षाचे अंदाजपत्रक चर्चेला आलेले असते, आणि एखादा हिंदी सभासद वीस-पंचवीस पाने सलग बोलत असतो. आकड्यामागून आकडे. आणि या सगळ्याच्या शेवटी काय घडते, तर काही नाही. मत घेतले जात नाही, ठराव होत नाही. व्हाइसरॉय समारोपाचे भाषण करतात आणि कौन्सिल उठते.

मग हे लोक बोलत कशासाठी होते? या प्रश्नाने मी हे खंड वाचत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट वारंवार दिसू लागली. लष्कराच्या खर्चाला हात लावायची मुभा या सभागृहाला कधीच नव्हती. म्हणून लष्करावरचा वाद दुसऱ्याच एका बाबीच्या आडून लढला गेला. ती बाब म्हणजे मीठ. लष्कराचा खर्च वाढला की मिठावरचा कर चढायचा, आणि शिल्लक दिसली की हिंदी सभासद पहिल्यांदा मिठाचे नाव घ्यायचे. तराजूचे एक पारडे सरकारने कुलूपबंद करून ठेवले होते, म्हणून दुसऱ्या पारड्यावर बोलायचे, असा हा प्रकार जवळजवळ चाळीस वर्षे चालला.

१८६१च्या कायद्याने कौन्सिलला दिलेले काम फक्त कायदे करण्याचे. त्याच्या अधिकृत नावातच ते होते: कायदे व नियम करण्यासाठी जमलेले गव्हर्नर जनरलचे कौन्सिल. कारभाराबद्दल प्रश्न विचारायची सोय नाही, खर्चाबद्दल बोलायची नाही. जेम्स विल्सन यांनी १८ फेब्रुवारी १८६० रोजी हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले खरे, पण पुढच्या तीस वर्षांत पैशाची चर्चा व्हायची ती नवा कर बसवणारे विधेयक आले तरच. नवा कर नसेल तर जमाखर्च सरकारी गॅझेटात छापून यायचा आणि मामला संपायचा.

या व्यवस्थेत काय होऊ शकत होते, याचा उत्तम नमुना १८८५ ते १८८८ या तीन वर्षांत सापडतो. १८८५च्या वसंतात रशियाने अफगाण सरहद्दीवरचे पंजदेह घेतले. सिमल्यात आणि लंडनमध्ये घबराट उडाली. हिंदुस्थानातली फौज तीस हजारांनी वाढवायचे ठरले, दहा हजार गोरे शिपाई आणि वीस हजार हिंदी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या दोघांनी याला लेखी विरोध केला. एक कायदामंत्री कोर्टनी इल्बर्ट, ज्यांचे नाव त्यांच्या विधेयकामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरे अर्थमंत्री ऑकलंड कॉल्विन. विरोध फेटाळला गेला. आणि मग १८८६च्या जानेवारीत त्याच कॉल्विनसाहेबांना प्राप्तिकराचे विधेयक घेऊन कौन्सिलपुढे उभे राहावे लागले. जो खर्च नको असे त्यांनी लिहून दिले होते, त्याच्यासाठी पैसा उभा करणे आता त्यांचे काम होते. हा खंड वाचताना त्यांच्या मनात काय चालले असेल, ही कल्पना डोक्यातून जात नाही. पण छापील वृत्तान्तात तिचा मागमूस नाही. मतभेदाची टिपणे एका दप्तरात, भाषण दुसऱ्या दप्तरात. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय गोष्ट कळत नाही.

प्राप्तिकराने भागले नाही. वरच्या ब्रह्मदेशाची मोहीम झाली होती आणि रुपयाचा भाव चांदीबरोबर घसरत होता. १८८८च्या जानेवारीत मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला गेला, तोही कौन्सिलला न विचारता, नुसत्या सरकारी हुकमाने. मिठाच्या कायद्यात तशी तरतूदच होती. प्राप्तिकर पाचशे रुपयांवर उत्पन्न असणाऱ्यावर. तो निदान चर्चेला आला. मीठ सगळेच खातात. त्याच्यासाठी चर्चेची गरज पडली नाही.

याच काळात, २८ डिसेंबर १८८५ला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या इमारतीत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. तिथल्या मोजक्या ठरावांत एक लष्करी खर्चाच्या वाढीविरुद्ध होता. दिनशा एदलजी वाच्छा हे गिरणीधंद्यातले, आकड्यांत रमणारे गृहस्थ त्यावर बोलले. पुढची कित्येक वर्षे हा विषय जणू त्यांच्या नावावर लागला. राष्ट्रसभेचा इतिहास सांगताना आपण भावनांचा इतिहास सांगतो. तिच्या पहिल्या अधिवेशनात फौजेच्या हिशेबावर वाद झाला, हे सहसा सांगितले जात नाही.

आता हा हिशेब कसा बनत होता ते थोडे पाहायला हवे, नाहीतर पुढच्या भाषणांतला राग कळणार नाही. १८५७ नंतर कंपनीची गोरी फौज मोडून ब्रिटिश लष्करात मिळवली गेली. त्यानंतर हिंदुस्थानात येणारा प्रत्येक गोरा शिपाई ब्रिटनच्या सैन्याचा, तिथे भरती झालेला, तिथे शिकवलेला. त्याच्या भरतीचा आणि कवायतीचा खर्च ब्रिटनने हिंदुस्थानच्या नावावर लावायला सुरुवात केली. सुरुवातीला माणशी वर्षाला दहा पौंड. नंतर वादावादी होऊन १८९०मध्ये साडेसात. हा पैसा हिंदुस्थानात खर्च होत नसे, तो लंडनमध्येच पौंडांत चुकता व्हायचा. म्हणजे रुपया घसरला की फौजेत एकही माणूस न वाढता फौजेचा खर्च वाढायचा.

दुसरी गोष्ट फौज कुठे लढायची त्याची. १८५८च्या कायद्याच्या ५५व्या कलमाने सांगितले होते की हिंदुस्थानच्या सरहद्दीपलीकडच्या मोहिमेवर हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या संमतीवाचून खर्च करता येणार नाही. ऐकायला भरभक्कम. पण पार्लमेंट संमती देत गेले. १८६७-६८ची अबिसिनियाची स्वारी मुंबईच्या बंदरातून निघाली, तिचे नेतृत्व मुंबई फौजेचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांनी केले. तिथे गेलेल्या पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानने द्यायचा असे ठरले. युक्तिवाद असा की हे शिपाई घरी असते तरी पगार खातच होते, मग हिंदुस्थानचे जास्तीचे काय गेले? हाच युक्तिवाद १८८२ला इजिप्तसाठी वापरला गेला, १८८५ला आणि पुन्हा १८९६ला सुआकिनसाठी. १८९६ला तर खुद्द हिंदुस्थान सरकारने आक्षेप घेतला होता. तो दप्तरात राहिला.

या युक्तिवादाला साधे उत्तर होते, आणि ते पुढे कौन्सिलात अनेकदा दिले गेले. शिपाई परदेशी पाठवूनही इथे काही अडत नसेल, तर इतके शिपाई इथे ठेवायचे तरी कशाला?

१८९२च्या कायद्याने कौन्सिलला प्रश्न विचारायची आणि अंदाजपत्रकावर बोलायची परवानगी मिळाली. नुसते बोलायची. मत द्यायचे नाही. तीन वर्षांनी, १८९५मध्ये, लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यात खर्चाची वाटणी न्याय्य आहे का, हा त्याच्या विषयांपैकी एक. दादाभाई नौरोजी आयोगाचे सभासद होते. १८९७मध्ये साक्ष द्यायला चार हिंदी गृहस्थ लंडनला गेले: मुंबईचे वाच्छा, बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले. गोखले तेव्हा तिशीचे. प्रवासात कॅले येथे पडून त्यांच्या छातीला मार लागला होता. तसल्या स्थितीत त्यांनी आयोगापुढे उलटतपासणी सोसली.

त्यांच्यामागे आणखी एक माणूस होता, तो लंडनला गेला नव्हता. गणेश व्यंकटेश जोशी. इथे वाचकांची हमखास गल्लत होते, म्हणून सांगतो: सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते हे नव्हेत. हे सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात हिंदुस्थानच्या अर्थकारणावर लिहिणारे. सरकारी निळी पुस्तके वाचून त्यांतून आकडे निवडायचे, दहा-दहा वर्षांची सरासरी काढून शेजारी ठेवायचे, ही पद्धत गोखल्यांनी रानडे आणि जोशी यांच्याकडून उचलली. कौन्सिलातल्या मोठ्या भाषणांआधी पुणे आणि सोलापूर यांच्यामध्ये टिपणांची पत्रे जात-येत. गोखल्यांनी हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. एका सरकारी शाळामास्तराने सरकारचीच पुस्तके वाचून सरकारविरुद्धचा दावा तयार करून द्यावा, यात मला मोठी गंमत वाटते.

आयोगाचा अहवाल १९०० मध्ये आला. दादाभाई, वेडरबर्न आणि केन यांनी वेगळे मत नोंदवले. बहुमताच्या शिफारशींतून हिंदुस्थानला मिळालेली सूट वर्षाला अडीच लाख पौंडांच्या आसपास होती. आणि ती शाई वाळते न वाळते तोच, १९०२मध्ये ब्रिटनने आपल्या शिपायांचा पगार वाढवला. वाढ ब्रिटनमधल्या भरतीची अडचण दूर करायला होती, पण हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांचा वाटा हिंदुस्थानच्या माथी आला. वर्षाला पावणेआठ लाख पौंडांच्या वर. कर्झन सरकारने हरकत घेतली, प्रकरण इंग्लंडच्या सरन्यायाधीशांकडे लवादाला गेले आणि निकाल हिंदुस्थानविरुद्ध लागला. वेल्बी आयोगाने दिलेले एका हाताने गेले, वर तिप्पट गेले.

याच वर्षी, २६ मार्च १९०२ रोजी, गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. फिरोजशहा मेहतांच्या जागेवर ते मुंबई कौन्सिलातून निवडून आले होते. मराठीत त्यांना आजही नामदार गोखले म्हणतात. ते नामदार म्हणजे या कामकाजात प्रत्येक सभासदाच्या नावामागे छापल्या जाणाऱ्या ‘ऑनरेबल’चे मराठी रूप. वृत्तान्तलेखकाचे एक विशेषण आपल्याकडे माणसाच्या नावाला कायमचे चिकटून बसले.

सरकारी बाकांवर त्या दिवशी समाधान होते. सुमारे सात कोटींची शिल्लक पडली होती. लागोपाठचे चौथे शिलकी वर्ष. आधी बोलणाऱ्यांनी अर्थमंत्री एडवर्ड लॉ यांचे अभिनंदन केले. गोखल्यांनी सांगितले की या अभिनंदनात आपल्याला सामील होता येत नाही. देशात नुकताच भयंकर दुष्काळ होऊन गेला आहे, आणि सरकारकडे शिल्लक आहे. म्हणजे लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी संबंध उरलेला नाही. शिल्लक आली कुठून? १८९४-९५मध्ये रुपया तेरा पेन्सांपर्यंत उतरला होता. तो सरकारने टाकसाळी बंद ठेवून सोळा पेन्सांवर चढवला. लंडनला पाठवायच्या पौंडांसाठी आता कमी रुपये लागतात. कर मात्र रुपया पडला असतानाचे, तेव्हा वाढवलेले, तसेच चालू आहेत. मिठाचा अडीच रुपयांचा दर हा त्यांतलाच. ज्या संकटाचे कारण सांगून कर बसवला ते संकट गेले, कर राहिला.

हा युक्तिवाद नुसता मिठाचा नव्हता. शिल्लक असली की ती लष्कर गिळते, हे पुढच्या वर्षांच्या भाषणांत त्यांनी आणखी उघड केले. शिल्लक लोकांना परत दिली नाही तर ती पलटणींत जाईल. म्हणून मिठावरचा कर उतरवा म्हणजे शिल्लकच उरणार नाही. लष्कराला हात लावता येत नाही तर लष्कराच्या वाटेवरचे पाणी तरी अडवू, असा हा डाव. आणि तो काही अंशी लागू पडला. १९०३मध्ये मीठ मणामागे दोन रुपयांवर आले. त्याच वर्षी प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. १९०५ला मीठ दीड रुपया, १९०७ला एक रुपया. दर उतरला तसा मिठाचा खप वाढला, आणि गोखल्यांनी पुढल्या भाषणांत तो खपाचा आकडा सरकारसमोर ठेवला. गरीब माणूस मीठ पुरेसे खात नव्हता तो चवीमुळे नव्हे, हे त्यावरून दिसत होते.

मिठाच्या कपातीचे श्रेय एकट्या भाषणांना देता येणार नाही. तिजोरीत पैसा होता, कर्झन यांना लोकप्रिय होण्याचीही थोडी हौस होती. पुण्यातही या भाषणांबद्दल एकमत नव्हते; टिळकांच्या पक्षाला मत नसलेल्या सभेतल्या वक्तृत्वावर भरवसा नव्हता, आणि खंड वाचताना त्यांची शंका अगदी निराधार होती असे म्हणवत नाही. कारण पलीकडचे पारडे उतरले नाही. १९०२च्या अखेरीस किचनेर सेनापती म्हणून आले. वायव्य सरहद्दीकडे तोंड करून नऊ डिव्हिजनची फौज उभी करायची त्यांची योजना १९०४पासून सुरू झाली. तिला लागणारे कोट्यवधी रुपये चालू महसुलातून काढले जाऊ लागले. किचनेर स्वतः याच कौन्सिलात बसत. व्हाइसरॉयच्या डाव्या-उजव्या हाताला लष्कर आणि समोर पुण्याचा हा माजी प्राध्यापक, असे ते दृश्य.

१९०५मध्ये जपानने रशियाला हरवले. १९०६च्या भाषणात गोखल्यांनी विचारले की ज्या रशियाच्या भयाने ही योजना निघाली तो रशिया आता कुठे आहे? वीस वर्षांत लष्कराचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला, साऱ्या देशाचा जमीनमहसूल एकट्या फौजेला पुरेनासा झाला, हे त्यांनी मांडले. जपान किती कमी खर्चात किती मोठे सैन्य ठेवतो त्याची तुलना केली. राखीव दल ठेवा, नागरिकांना शिकवून तयार करा, म्हणजे शांततेच्या काळात इतकी खडी फौज पोसावी लागणार नाही, हा त्यांचा मुद्दा. इथे ते खर्चाबद्दल बोलत होते की विश्वासाबद्दल, हे सांगणे कठीण आहे. १८५७ नंतर दर दोन हिंदी शिपायांमागे साधारण एक गोरा हे प्रमाण ठेवले गेले, ते पैशाच्या हिशेबाने ठेवलेले नव्हते. महाग गोरी फौज ही अविश्वासाची किंमत होती, आणि ती ज्यांच्यावर विश्वास नव्हता त्यांनीच भरायची होती.

१९०७च्या ऑगस्टमध्ये ब्रिटन आणि रशिया यांचा करार झाला. आता तरी? पुढच्याच वर्षी, १९०८मध्ये, गोऱ्या शिपायामागचा तो भरतीखर्च साडेसात पौंडांवरून अकरा पौंड आठ शिलिंगांवर नेला गेला. वर्षाला तीन लाख पौंडांचा जादा बोजा. कौन्सिलने बोलून घेतले.

१९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सभासद वाढले, ठराव आणता येऊ लागले, मतविभागणी मागता येऊ लागली. पण नियमावलीत एक यादी होती: या खात्यांवर ठराव आणता येणार नाही. तिच्यात लष्कर होते. म्हणजे अधिकार वाढला तसा बंद दरवाजा पहिल्यांदा कागदावर लिहून लावला गेला. महायुद्धात, १९१७ला, हिंदुस्थानने ब्रिटनला दहा कोटी पौंडांची देणगी दिली. तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपये. देणगी हा सरकारी कागदांतलाच शब्द आहे. गोखले तोवर गेले होते. त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले होते, तेव्हा पैसा नाही हे एक कारण सांगितले गेले होते.

१९१९च्या कायद्याने दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ आले, निवडून आलेल्यांचे बहुमत असलेले. आता अंदाजपत्रकातल्या मागण्यांवर खरोखर मते पडणार होती. संरक्षण, परराष्ट्र आणि धर्मखाते सोडून. लष्करावर मत नाही. गव्हर्नर जनरलने परवानगी दिली तर चर्चा. ती परवानगी दरवर्षी दिली जाई. १९२१च्या मार्चमध्ये मद्रासचे शिवस्वामी अय्यर यांनी ईशर समितीच्या अहवालावर ठरावांची लांबलचक मालिका मांडली. हिंदुस्थानची फौज हिंदुस्थानच्या रक्षणासाठी आहे, साम्राज्याच्या कामासाठी नाही. अधिकाऱ्यांच्या जागा हिंदी तरुणांना खुल्या करा. हे ठराव मंजूर झाले. शिफारशी होत्या त्या, हुकूम नव्हे.

इथून पुढचे खंड वाचताना एक मजेशीर युक्ती दिसते. पलटणींच्या खर्चावर मत नव्हते, पण दिल्ली-सिमल्यातल्या लष्करी खात्याच्या कचेरीचा, म्हणजे सचिवांचा आणि कारकुनांचा पगार मात्र मताला पडे. मग सभासद त्या चिमुकल्या मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवत आणि तिच्या आधाराने तासन्‌तास फौजेच्या धोरणावर बोलत. कोटींच्या खर्चावरचा वाद शंभर रुपयांच्या खुंटीला टांगलेला. आज संसदेत संरक्षणाच्या मागणीवर मत घेतले जाते, कुठला बंद दरवाजा नाही. पण वेळ संपला म्हणून चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होणाऱ्या मागण्यांत तीही असते. २०१८च्या मार्चमध्ये लोकसभेने सगळ्याच खात्यांच्या मागण्या तशा मंजूर केल्या. शंभर रुपयांसाठी भांडणाऱ्यांची आठवण अशा वेळी येते.

मीठ आणि पलटणी ही जोडी सर्वांत उघडी पडली ती १९२२-२३मध्ये. युद्धानंतर वझिरिस्तानची मोहीम, भाववाढ, तूट. १९२२-२३चा लष्करी खर्च पावणेअडुसष्ट कोटींच्या घरात, मध्यवर्ती सरकारच्या एकूण खर्चाचा जवळपास निम्मा. १९२२च्या मार्चमध्ये अर्थमंत्री माल्कम हेली यांनी मिठावरचा सव्वा रुपयाचा कर दुप्पट करून अडीच करायचे सुचवले. कायदेमंडळाने नाकारले. सरकारने तो निर्णय मानला. त्याच वर्षी लॉर्ड इंचकेप यांची काटकसर समिती बसली. तिने १९२३-२४साठी लष्कराला पावणेअठ्ठावन्न कोटी पुरेत असे सांगितले, आणि पुढे तो पन्नास कोटींवर आणावा असे सुचवले. साम्राज्याच्या बोटींचे मालक असलेल्या इंचकेप यांच्यासारख्या माणसाकडून आलेले हे मत, म्हणून त्याला वजन होते. गोखले आणि वाच्छा वीस वर्षे जे म्हणत होते ते आता सरकारने नेमलेला इंग्रज धनिक म्हणत होता.

तरी १९२३च्या १ मार्चला नवे अर्थमंत्री बेसिल ब्लॅकेट यांनी तूट भरायला पुन्हा मिठाचेच नाव घेतले. पुन्हा अडीच रुपये. म्हणजे १८८८चा आकडा, ज्याच्यावर गोखल्यांनी आपले पहिले भाषण केले तो. कायदेमंडळाने पुन्हा नाकारले. राज्यसभेच्या जागी असलेल्या कौन्सिल ऑफ स्टेटने तो परत घातला, कायदेमंडळाने परत काढला. सभासदांचे म्हणणे सोपे होते: आम्हाला लष्कर कमी करता येत नाही, पण लष्करासाठी मीठ महाग करायला तुम्हाला आमची सही लागते, आणि ती आम्ही देत नाही. लॉर्ड रीडिंग यांनी आपला खास अधिकार वापरला आणि विधेयकावर आवश्यकतेचा शिक्का मारून ते अमलात आणले.

कौन्सिलांतल्या साठ वर्षांच्या वादविवादाचे खरे स्वरूप या एका शिक्क्यात उघड झाले असे मला वाटते. १८८८ला मीठ हुकमाने वाढले, तेव्हा विचारायला सभागृहच नव्हते. १९२३ला सभागृह होते, मत होते, ते दोनदा दिले गेले, आणि मीठ पुन्हा हुकमानेच वाढले. वर्षभरात निवडणुका होऊन स्वराज्य पक्ष आला, १९२४ला त्याने अख्खे अर्थविधेयक नाकारले. ते पुन्हा शिक्क्याने मंजूर झाले, फक्त मीठ सव्वा रुपयावर उतरवून. त्या दहा वर्षांत भरतीखर्चाचाही वाद चालूच राहिला. शेवटी १९३३मध्ये एका लवादाच्या आधारे ब्रिटनने हिंदुस्थानच्या संरक्षणखर्चाला वर्षाला पंधरा लाख पौंडांचा हातभार लावायचे कबूल केले. वेल्बी आयोगापासून मोजले तर तो निकाल मिळायला अडतीस वर्षे लागली.

मधल्या काळात वाद सभागृहाबाहेर पडला होता. १९३०च्या जानेवारी अखेरीस गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्या ‘यंग इंडिया’त छापल्या. लोक ती यादी वाचताना गोंधळतात, कारण तिच्यात स्वराज्याचे मोठे शब्द नाहीत. दारूबंदी, रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स करावा, जमीनमहसूल निम्मा करावा, मिठावरचा कर रद्द करावा, लष्कराचा खर्च निदान निम्म्याने कमी करावा. पण मार्च महिन्यातली ती जुनी पाने ज्याने वाचली आहेत त्याला ही यादी अनोळखी वाटत नाही. मीठ आणि लष्कर त्यात लागोपाठ येतात. गोखल्यांना गुरू मानणाऱ्याने गोखल्यांचाच ताळेबंद घेतला, आणि मिठाचा रकाना उचलून तो दांडीच्या वाटेला लागला.

मिठावरचा कर गेला तो १९४७च्या अंदाजपत्रकात. अर्थमंत्री होते हंगामी सरकारातले लियाकत अली खान. सभागृहाच्या संमतीने तो रद्द झाला. त्याच अंदाजपत्रकातला संरक्षणाचा खर्च जुन्या कायद्याप्रमाणे मताला टाकायचा नव्हता, आणि तो टाकला गेला नाही.